खापरा, धणे आणि आईची पिशवी

जुन्या साडीच्या काठाची, आईने हाताने शिवलेली पिशवी विमानतळावरच्या तपासणी अधिकाऱ्याने उलटी केली, शिवणीवर टॉर्च धरला आणि एकेक टाका बघायला लागला, तेव्हा मला राग आला. तोवर सगळं ठीक चाललं होतं. धणे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले, ठीक. जिरं, बेडगी मिरच्या, हरभऱ्याची डाळ, घरी भाजून सोललेले शेंगदाणे, दोन किलो इंद्रायणी तांदूळ, सगळं स्टीलच्या टेबलावर ओळीने मांडलं, तेही ठीक. पण पिशवीच्या शिवणी?

"काय हरवलंय त्याचं?" आईने विचारलं.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "खाप्रा."

उच्चार वाकडा होता, पण आईला बरोबर कळला. "खापरा? आमच्याकडे नाही हो!" ती त्याला सरळ मराठीतच सांगू लागली. "सगळ्याला चांगली चार-चार उन्हं दाखवलीत."

इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहते, पण सरकारी माणसाच्या तोंडून आपल्या भाषेतला शब्द ऐकला तो हा. योग नाही, आयुर्वेद नाही. किडा!

लपवलं काहीच नव्हतं, हे आधी सांगते. विमानातलं कार्ड आईने माझ्या देखत भरलं, धान्य-बियांच्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली. इथे खरं सांगितलं की फार तर वस्तू जाते, दंड होत नाही. खोटं लिहिलं तर मोठा दंड होतो आणि २०१९ पासून व्हिसाही रद्द होऊ शकतो. त्याच वर्षी सिडनीला उतरलेल्या एका बाईंच्या सामानात न सांगितलेलं डुकराचं मांस वगैरे सापडलं, त्यांना आल्या पावली परत पाठवलं. त्यामुळे आपली मंडळी हल्ली सगळ्यावर 'हो' करतात आणि रांगेत निमूट उभी राहतात.

राग येतो तो यादीचा. या खापऱ्याच्या धास्तीने ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या बॅगेतून आणि टपालातून जे जे आणायला बंदी आहे, त्याची यादी वाचताना आपल्याच स्वयंपाकघरातले डबे कुणीतरी उघडून बघतंय असं वाटतं. तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, तूर, चवळी, जिरं, धणे, बडीशेप, करडई, शेंगदाणे, सुक्या मिरच्या. एकेक डब्याचं झाकण काढून लिहिल्यासारखी. गहू आहे म्हणा त्यात, पण गहू काय, सगळ्यांचाच. तूर मात्र वाचली आणि वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे.

शेंगदाण्यांवरून तर वादच झाला. नियमात भाजलेल्या मालाला सूट आहे. आई म्हणाली, भाजलेलेच आहेत, बघा, सालंसुद्धा काढलीत. मी भाषांतर केलं. तो म्हणाला, बरोबर आहे, पण कारखान्यात भाजलेले आणि तिथेच पाकीटबंद केलेले हवेत. म्हणजे माझ्या आईने लोखंडी कढईत, मंद आचेवर, अर्धा तास उभं राहून भाजलेले दाणे ते भाजलेले नव्हेत, आणि कुठल्याशा यंत्रातून निघालेले भाजलेले! (घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा त्याचंही पटलं. कारखान्याचं तापमान कागदावर असतं, आईची आच कुठल्या कागदावर दाखवायची? पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

खापरा दिसायला अगदीच नगण्य. दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा. विटा-कौलांच्या फटीत राहतो, म्हणून खापरा. खरी खादाड ती त्याची केसाळ अळी. ती धान्यात जगते, तिथेच कात टाकते, आणि ती कात आणि ते केस यांनी उरलेलं धान्यही खाण्यालायक राहत नाही. खायला नसेल तर फटीत किंवा शिवणीत शिरून वर्षानुवर्षं उपाशी पडून राहू शकते. शिवणी बघण्याचं कारण तेवढंच होतं. शिवाय या भुंगेऱ्याला उडून जाता येत नाही. जगात जिथे जिथे पोचला, तिथे त्याला माणसाच्याच सामानाने नेलंय. हा देश गहू पिकवून जगाला विकतो. खापरा इथे स्थिरावला तर वीस वर्षांत साडेपंधरा अब्ज डॉलरचं नुकसान होईल असा सरकारी अंदाज आहे, कारण गिऱ्हाईक देश गव्हाला दारातच उभं करणार नाहीत.

हे सगळं मान्य. पण मग हेही सांगा ना, की २००७ मध्ये पर्थच्या एका घरात खापरा निघाला तो आपल्या धण्यातून नव्हे, स्कॉटलंडहून राहायला आलेल्या कुटुंबाच्या सामानातून. अख्ख्या घराला तंबूसारखं झाकून विषारी वायूची धुरी द्यावी लागली. २०२० मध्ये तर तो चक्क नव्या फ्रीजच्या पॅकिंगमध्ये सापडला. नाव आपलं आहे म्हणून दर वेळी खापर आपल्याच डोक्यावर फुटायचं का?

आणि शिकवतंय कोण? १८५९ मध्ये व्हिक्टोरियात एका जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून ससे सोडले, त्यांनी पुढे निम्म्याहून जास्त देश कुरतडला. १९३५ मध्ये क्वीन्सलंडात उसाच्या हुमणीवर उपाय म्हणून हवाईहून टोड जातीचे बेडूक आणले. हुमणी! आमच्या काकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, ती जमिनीत, मुळाशी असते, बेडूक तिथे काय करणार? झालंही तसंच. हुमणी राहिली उसात आणि विषारी टोड पसरला देशाच्या उत्तर-पूर्वेत. इतकी अद्दल घडल्यावर आता हे लोक माझ्या आईच्या पिशवीचे टाके मोजतात. अद्दल घडली त्यांना, पिशवी गेली आमची.

त्या माणसाबद्दल मात्र तक्रार नाही. आईला उभं राहणं जड जातंय हे त्याने माझ्याआधी ओळखलं आणि खुर्ची आणून दिली. प्रत्येक वस्तू काय, कशात वापरतात, हे नीट विचारलं. हळकुंड बराच वेळ उलटसुलट पाहिलं. लोणच्याची बरणी हसून परत दिली. बाकीचं नष्ट करावं लागेल किंवा स्वखर्चाने परत पाठवता येईल, असं म्हणाला तेव्हा आवाज खरंच खाली आला होता. पिशवीही धान्याबरोबर जाणार होती. आईने ती त्याच्या हातातून घेतली, सरळ केली, काठाला काठ जुळवून चौकोनी घडी घातली आणि मग त्याला परत दिली. त्याने ती घडी न मोडता पिवळ्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी इथल्या भारतीय दुकानात धणे घ्यायला गेलो. आईने पाकीट उलटून बघितलं. मूळ देश भारत. "हे कसे आले मग?" सांगितलं की हा व्यापारी माल आहे, निघण्याआधी तपासणी होते, कीडमुक्त असल्याचा आपल्या सरकारचा दाखला सोबत लागतो. "म्हणजे धणे आपलेच," आई म्हणाली, "फक्त दाखला घेऊन शाळेत आलेले."

आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. १ मे २०१४ पासून युरोपने हापूसला दार लावलं होतं, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. तेव्हा आम्ही सगळे खवळलो होतो, मी तर ऑफिसात भांडले होते. पण मालात फळमाश्या सापडत होत्या हेही खरं. तपासणी घट्ट केल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. घट्ट केली ती आपल्याच लोकांनी, म्हणजे करता येत होती.

एक कबुली देऊन टाकते. त्याआधीच्या खेपेला मी एकटी आले होते आणि कोटाच्या खिशात मूठभर धण्यांची पुडी राहिली होती. खरंच विसरले होते. म्हणजे सामानाच्या पट्ट्याजवळ आठवलं, पण तोवर कार्ड भरून झालं होतं आणि मागे एवढी मोठी रांग. त्या धण्यांची कोथिंबीर बाल्कनीतल्या कुंडीत उगवली, महिन्याभरात पोह्यांवर पडून संपली. पुडी मी नीट बघितली होती. काही नव्हतं.

आई फेब्रुवारीत परत गेली. त्याआधी रोज फिरायला जायची तिथे रस्त्याकडेच्या वॅटल नावाच्या झाडाच्या शेंगा तडकून पडत होत्या. तिने पसाभर बिया गोळा केल्या. पिवळी फुलं तिने मोबाइलवर पाहिली होती, अंगणात लावायची होती. मी म्हटलं, आई, ही ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जातीतलीच, आपल्याकडे रस्त्याकडेला थोड्या लावल्यात का? आणि बिया परवान्याशिवाय न्यायच्या नसतात. आपल्याकडेही नियम आहे, कायदा तर १९१४ पासूनचा आहे.

"आपल्याकडे कोण विचारतं?" ती म्हणाली.

उत्तर नव्हतं माझ्याकडे. इतक्या वर्षांत मलाही कुणी विचारलेलं नाही. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं गाजरगवत, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर शिरलं असं म्हणतात, ते असंच कुणी न विचारता आलं असणार. दर पावसाळ्यात अंगणातलं ते गवत उपटून आईच्या हातांना कोपरापर्यंत खाज सुटते, मलम मी इथून पाठवते. हे मी तिला म्हटलं. ती गप्प बसली आणि बियांची वाटी फ्रीजवर ठेवून दिली.

तिला विमानात बसवून घरी आले तर वाटी धुऊन पालथी घातलेली होती. बिया कचऱ्यात गेल्या की बॅगेत, मी फोनवर विचारलेलं नाही.