धरला आणि सोडला

आमचा मामेभाऊ अमेरिकेत असतो. एप्रिल-मे आला की तळ्याकाठचं एक लाकडी घर भाड्यानं घेतो आणि सुट्टीभर होडीत बसून बास नावाचा मासा धरतो. इथवर घरात कौतुकच होतं. परवा व्हिडिओ कॉलवर मामीनं विचारलं, "मग तळतोस का कालवण करतोस?" तो म्हणाला, "फोटो काढतो आणि सोडून देतो." कोल्हापुरात असलं वाक्य बोलायला छाती लागते. मामा एवढंच म्हणाले, "मग गेलतास कशाला?"

तेव्हापासून मी या बासच्या मागं लागलोय, अर्थात वाचूनच. मोठ्या तोंडाचा हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडं चैत्रात तळी आटायला लागतात. तिकडं तेव्हा कुठं पाण्यातला गारठा मरतो. पाणी १५ ते २० अंशांच्या घरात आलं की बास काठाला, उथळात येतात. नर शेपटीनं तळ झाडून परातीएवढा खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं बापाकडं. खाणंपिणं जवळपास सोडून तो पहारा देतो, आणि जवळ काहीही फिरकलं, रबराचा बेडूक का असेना, त्याच्यावर तुटून पडतो. म्हणजे तो गळाला लागतो तो भुकेनं नव्हे, रागानं. वसंतातल्या सुट्टीचं निम्मं गुपित हे.

मला काही हे पटलं नाही. बाप वर होडीत फोटोला तोंड देतोय, तेवढ्यात खाली बारके मासे अंड्यांवर ताव मारतात. कॅनडात ओंटारिओच्या बऱ्याच भागात म्हणूनच जून निम्मा सरेपर्यंत बास धरायला बंदी असते. आपल्या मरळीचंही तेच. तिची तांबूस पिल्लं घोळक्यानं पाण्यावर फिरतात, आईबाप खालून राखण करतात, आणि जाणकार गळवाले नेमका तो घोळका हेरतात. फक्त मरळ परत पाण्यात जात नाही, तव्यावर जाते.

पण कळंबा तलावावर संध्याकाळी जरा उभं राहून बघा. बांबूची काठी, दोरा, थर्माकोलचा तुकडा, गळाला कणकेची गोळी. थर्माकोल आधी नुसता थरथरतो, मग तिरका होऊन सरकतो. काठीवाल्याची बिडी तोंडातच विझलेली असते. झटका दिला की वर येते तळहाताएवढी चिलापी. घरात मटण शिजत असताना हा बाबा एवढ्याशा चिलापीसाठी ऊन उतरल्यापासून बसलाय, आणि विचारलं तर म्हणतो, "आता एक आली की उठतो." मामेभावाचा नाद आणि ह्याचा नाद एकच; ह्याला फक्त पिशवीचा आधार लागतो.

बासचा जागतिक विक्रम १९३२ सालचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी पोरानं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोला थोडा वरच, बास धरला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं त्याची बरोबरी केली. तिथं हा मासा बाहेरून आणून सोडलेला आणि आता बऱ्याच जणांना नकोसा झालेला. पेरीचे दिवस मंदीचे होते. त्यानं मासा वजन करून घेतला, घरी नेला आणि घरच्यांनी मिळून खाल्ला.

हे सांगितल्यावर मामा खुर्चीत सरळ बसले. "हां, हा माणूस!" म्हणाले, आणि आत मामीला हाक मारून विचारलं, दहा किलोच्या माशाला चटणी किती लागंल.