गॅसला गुलाबाचा वास का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गॅसला वास देण्याचं काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘वास घालायचाच, तर गुलाबाचा घाला ना! हा सडका कशाला?’

समजा, गुलाबाचा वास आला. तुम्ही काय कराल? कुणीतरी अत्तर लावलंय म्हणाल आणि आपल्या कामाला लागाल. गळतीचा वास घरातल्या दुसऱ्या कशाचाच नसावा आणि तो आला की माणूस जागचा उठलाच पाहिजे.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला स्वतःचा वास नाही. १८ मार्च १९३७ला टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेखाली असाच बिनवासाचा गॅस साचला होता. ठिणगी पडली आणि जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास देणं कायद्याने सक्तीचं झालं. हवेत साधारण ५ टक्के मिथेन झाला की तो पेट घेऊ शकतो. अमेरिकेतल्या नियमानुसार त्याच्या एक पंचमांशाला, म्हणजे १ टक्क्यालाच सर्वसाधारण नाकाला वास कळायला हवा.

खरी डोकेफोड पुढेच आहे. नुसता उग्र वास असून भागत नाही, तो पाइपातून आणि मातीतून नाकापर्यंत पोचला पाहिजे. वासासाठी गॅसमध्ये घालतात त्या गंधकयुक्त रसायनांपैकी टर्शरी ब्युटाइल मर्कॅप्टनवर माझा जीव आहे. अगदी थोडं पुरतं, आणि जमिनीखालची लाइन फुटली तर मातीतून गॅसबरोबर वर येतं. पण शून्य अंशाच्या आसपास ते गोठतं, म्हणून त्यात आयसोप्रोपिल मर्कॅप्टन किंवा डायमिथाइल सल्फाइड मिसळतात. टेट्राहायड्रोथायोफिन पाइपातल्या गंजाला दाद देत नाही, पण मातीत अडकून बसतं. मर्कॅप्टनांचं उलट: गंजाशी गाठ पडली की त्यांचं डायसल्फाइड होतं आणि वास उतरतो. गॅस तेवढाच, धोका तेवढाच, इशारा मात्र गेलेला. मला सगळ्यात धास्ती वाटते ती याची. नवा स्टीलचा पाइप तर सुरुवातीला वास पिऊनच टाकतो. त्याचं पोट भरेपर्यंत जास्तीचा डोस द्यावा लागतो.

(गंधक नसलेली ॲक्रिलेटची मिश्रणंही आहेत, जर्मनीत ती वापरात आहेत.)

वास असा वाटेतच उतरू शकतो, म्हणून तो तपासायला लाइनच्या पार शेवटच्या टोकाला जायचं. हातातलं यंत्र गॅसमध्ये भरपूर हवा मिसळतं. आपण त्यावर नाक धरायचं आणि गॅसचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. काहीतरी जाणवलं की एक आकडा लिहायचा, ‘हा गॅसच’ अशी खात्री पटली की दुसरा. सर्दी झालेल्याने हे काम करायचं नाही. दोन रीडिंगांच्या मध्ये मोकळ्या हवेत थांबायचं, कारण नाक फार लवकर सरावतं. घरातही तसंच होतं. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. पहिला वास आला की दिव्यांच्या बटणांना हात न लावता बाहेर पडा, आणि फोन बाहेर गेल्यावरच करा.