चाकांना काय लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरच्या राजेंद्रनगरात गाडी उभी केली की कुणी ना कुणी विचारतंच, “वहिनी, चाकांना काय लावता?” पेट्रोल पंपावरची पोरं विचारतात, लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी लावली की वऱ्हाडातले काका विचारतात, हल्ली फोनवरही हाच प्रश्न येतो. गाडी साधी आहे, जुनी मारुती एस्टीम. चाकं मात्र उघड्या अ‍ॅल्युमिनियमची: वर रंग नाही की लॅकर नाही. विचारणाऱ्याला एखाद्या डबीचं नाव हवं असतं. मी ऑटोसोलची ट्यूब वापरते, तशा प्रकारची कुठलीही चांगली मेटल पॉलिश चालते. पण नाव कळून तुमचं काम होणार नाही, कारण माझी चाकं चमकतात ती धुण्यामुळे. पॉलिश क्वचित होतं, धुणं कधी चुकत नाही.

त्याच्याही आधी तुमचं चाक ओळखा. शोरूममधून येणाऱ्या बहुतेक अ‍ॅलॉय चाकांवर रंग आणि पारदर्शक लॅकर असतं. ‘डायमंड कट’ म्हणतात ती चाकं तर थेट उघड्या धातूसारखी दिसतात, लेथच्या बारीक गोल रेघासुद्धा दिसतात, पण त्यांच्यावरही लॅकर असतंच. अशा चाकाला मेटल पॉलिश घासली तर धातूपर्यंत काही पोचत नाही, लॅकर तेवढं धुरकट होतं. परीक्षा सोपी आहे. पांढरं सुती कापड घ्या, बोटाच्या टोकावर मावेल एवढी पॉलिश लावा आणि आऱ्याच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या कडेला थोडं घासा. कापड लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं किंवा चाकाच्या रंगाचं झालं तर वर थर आहे, तिथेच थांबा. अशा चाकाला गाडीचा साधा शाम्पू आणि वॅक्स पुरे. लॅकरच्या खाली पांढरट, अळीने पोखरल्यासारख्या नागमोडी रेघा दिसू लागल्या असतील तर ओल आत शिरली आहे, वरून काहीही चोळलं तरी त्या जात नाहीत. एनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या मदतीने ऑक्साइडचा जाड थर चढवलेल्या चाकावर कापडाची परीक्षा दर वेळी खरी ठरेलच असं नाही. चाक एनोडाइज केलेलं आहे असं माहीत असेल तर त्याला पॉलिश लावूच नका, कारण तो थर एकदा घासला गेला की घरी परत येत नाही.

चाक उघडं निघालं तर पुढचं वाचा.

अ‍ॅल्युमिनियम घासलं की त्याच क्षणी हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्यावर ऑक्साइडचं कवच धरतं. जाडी काही नॅनोमीटर, आणि तेही पारदर्शक. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. हे कवच चिकटून बसतं आणि आतल्या धातूला सांभाळतं. म्हणजे राखणदार धातूने स्वतःच नेमलेला आहे, आपण त्याला त्रास द्यायचा नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तोवर हे कवच टिकतं. त्याखालचं आम्ल आणि त्यावरचा अल्क, दोन्ही त्याला विरघळवतात. मीठ तर त्याच्यात बारीक भोकं पाडतं.

म्हणूनच कुणी मला तांब्या-पितळेचा दाखला दिला की मी लगेच अडवते. चिंच-मिठाने देवघरातला गडू लखलखतो हे खरं, कारण तिथे वर साचलेला काळा थर काढायचा असतो. अ‍ॅल्युमिनियम निस्तेज होतं ते साचल्यामुळे कमी आणि झिजून खडबडीत झाल्यामुळे जास्त. आंबट आणि खारट एकत्र चोळलं की हा खडबडीतपणा वाढणारच.

वॉशिंग सेंटरवर माझं सगळ्यात जास्त लक्ष याच गोष्टीकडे असतं. काही ठिकाणी चाकांवर एक द्रावण फवारतात, मळ झरझर ओघळतो, बघणाऱ्याला बरं वाटतं. त्यात कॉस्टिक सोडा असेल तर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर बुडबुडे येतात. तो हायड्रोजन असतो आणि धातू विरघळत असतो. चाक वाळल्यावर दुधी दिसतं. चाकांसाठीच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा त्याचे क्षार असतात, आणि ते तर माणसालाही घातक: कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, दुखायला कधी कधी काही तासांनी लागतं. धुणारा पोरगा उघड्या हातांनी तेच वापरत असतो. त्याला आधी विचारा, “यात काय आहे?” सांगता आलं नाही तर म्हणा, “चाकं राहू दे, मी घरी धुईन.”

इंदुरात चाकांना तीन गोष्टी त्रास देतात. पहिली ब्रेकची काळी धूळ. खंडवा रोडने ओंकारेश्वरला जाऊन या, भेरूघाट उतरला की पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा कितीतरी काळी दिसतील, कारण ब्रेकचा बहुतेक भार पुढेच असतो. त्या धुळीत डिस्कचं आणि पॅडचं लोखंड असतं, काही पॅडमध्ये तांबंही. हे कण ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर बसून राहिले की प्रत्येक कणाभोवती बॅटरीसारखा छोटा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. खड्डा पडतो तो इथे. दुसरी गोष्ट आपली काळी माती. पावसाळ्यात गावाकडे गेलात की ती चाकाच्या आतल्या बाजूला थापली जाते, आणि बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या चाकाच्या पोटात ओल धरून बसते. माळव्यातली ही माती बहुधा अल्कधर्मीच. तिसरी गोष्ट बोरिंगचं पाणी. आपल्या इथल्या कातळातलं पाणी जड, त्यात कॅल्शियम भरपूर. चाक उन्हात वाळलं की पांढरे ठिपके उठतात आणि ते शाम्पूने निघत नाहीत. मी शेवटचं पाणी नर्मदेच्या नळाचं बाजूला ठेवलेल्या बादलीतून घेते आणि लगेच कोरडं पुसते. एवढ्यानेच निम्मे ठिपके टळतात.

धुताना चाक गार हवं. घाट उतरून आल्या आल्या पाणी मारायचं नाही. चाकावरचं पाणी तिथेच सुकतं आणि तापलेल्या डिस्कला अचानक गारवा मिळणं बरं नाही. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने वाळू-माती खाली जाऊ द्या. मग गाडीचा पीएच न्यूट्रल शाम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांसाठी वेगळं कापड. या कापडाने बोनेटला हात लावायचा नाही, त्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात. तारेची घासणी अजिबात नको. तिचे तुटलेले कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात चाकावर तांबूस ठिपके दिसू लागतात. लोखंडाला लागलं की जांभळं होणारं द्रावण मिळतं, ते चांगलं. पण बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं असेल तरच, आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं.

आता पॉलिश. चाक जुनं आणि लॅकर सोललेलं असेल तर आधी लॅकर पूर्ण काढावं लागतं. टायर उतरवून घ्या, पेंट रिमूव्हर रबराला सोसत नाही. रिमूव्हर अ‍ॅल्युमिनियमला चालणारा, कॉस्टिक नसलेला घ्या. हातमोजे, चष्मा, आणि काम उघड्या अंगणात. मग वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद; नंबर जेवढा मोठा तेवढा तो बारीक. सियागंज बाजारात सगळे नंबर मिळतात. खरवड जास्त असेल तर ४०० पासून सुरुवात, नाहीतर ६००. मग ८००, १०००, १५००, २०००. पाण्यात भिजवून घासा. एक नंबर उभा घासला तर पुढचा आडवा घासा, म्हणजे आधीच्या रेघा उरल्यात का ते दिसतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला हात लावायचा नाही. मधला नंबर गाळला की सावलीत काही कळत नाही, पण दुपारच्या उन्हात आरे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. टायर जिथे बसतो ती कड मात्र घासू नका, हवा तिथूनच धरली जाते. ओलं घासलं तर धूळ उडत नाही. ड्रिलला बफ लावून कोरडं करणार असाल तर तोंडाला चांगला मास्क हवा. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट आणि ठिणगीजवळ पेट घेणारी, म्हणून लोखंड घासायच्या यंत्रावर हे काम करायचं नाही.

मग ट्यूबमधली पॉलिश. थोडीच घ्या, छोट्या भागावर, तळहाताएवढ्या. घासू लागलात की ती राखाडी होते आणि मग शाईसारखी काळी. नवख्याला वाटतं मळ निघतोय, आणि कापड पांढरं राहीपर्यंत घासत बसतो. ते कधीच पांढरं राहत नाही. तो काळा रंग अ‍ॅल्युमिनियमचाच आहे, अगदी बारीक कणांचा. उघडा धातू जोवर घासाल तोवर तो येत राहील. थांबायची खूण कापडावर शोधू नका, चाकावर शोधा: घराच्या खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब सरळ दिसलं की पुरे. काळा थर वाळू देऊ नका, ओला असतानाच पुसा. शेवटी एक चिकट धूसरपणा राहतो, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून कोऱ्या कापडाने पुसलं की तो निघतो. ट्रकच्या चाकांची निगा राखणारे पीठ वापरतात, ही युक्ती त्यांचीच, आणि मला ती फार आवडते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. गाडीचं ओतीव चाक बहुधा ए३५६ नावाच्या मिश्रधातूचं असतं, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन. सिलिकॉनमुळे ओतकाम छान होतं, पण चमक किंचित राखाडी राहते. ट्रकच्या घडीव चाकासारखा निळसर आरसा त्यातून निघत नाही. फार खोल घासलं तर ओतकामातली बारीक छिद्रं उघडी पडतात. मी त्या राखाडी चमकेवर समाधानी आहे, मला ती जास्त देखणी वाटते.

“वरून लॅकर मारून टाका ना, कटकट मिटेल,” असं बरेच जण सुचवतात. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकरला पकड मिळत नाही, आणि एका खड्याने टवका उडाला की ओल तिथून आत शिरते. मग तीच नागमोडी रेघ. उघड्या चाकावर डाग पडला तर मी तेवढाच डाग घासते. लॅकरच्या आत पडला तर सगळं चाक पुन्हा सोलावं लागतं. म्हणून मी सिंथेटिक सीलंट लावते, वॅक्ससारखाच पाणी अडवणारा पातळ थर. ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या कारनौबा वॅक्सची झळाळी सुरेख, पण ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि घाटात ब्रेकशेजारी ते फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण पॉलिशचं तेल पूर्ण काढूनच लावावं लागतं. पाण्याचे थेंब गोल उभे राहायचे थांबले, पाणी पसरू लागलं, की सीलंट पुन्हा लावायची वेळ झाली.

ज्यांना दर आठवड्याला अर्धा तास देणं जमणार नाही त्यांना मी मनापासून पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेला पावडरीचा रंग, सुचवते. त्यात कमीपणा काही नाही, चाक सुरक्षित राहतं. फक्त भट्टीवाल्याला तापमान विचारा, आणि २०० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. चाकाची ताकद कारखान्यात उष्णतेचे ठरावीक संस्कार देऊनच आणलेली असते, जास्त तापलं तर ती उतरते. आणि बॅलन्सिंग करताना कडेला ठोकायच्या लोखंडी वजनांऐवजी आतून चिकटवायची मागा. लोखंडी पट्टी जिथे रुतते तिथे पहिला पांढरा डाग उठतो.

१९२४ साली लिऑंच्या शर्यतीत बुगाटी कंपनीची टाइप ३५ ही रेसिंग गाडी ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर उतरली तेव्हा ती वजन कमी व्हावं आणि ब्रेक गार राहावेत म्हणून. दिसणं त्यानंतरचं. म्हणून पॉलिश करताना चाक हातात आलंच आहे तर आऱ्याच्या मुळाशी आणि आतल्या कडेला उजेड धरून नीट बघा. खड्ड्यात आपटून केसासारखी चीर पडली असेल तर ती पॉलिशने दिसेनाशी होते आणि तशीच राहते. फुटपाथला घासून आलेली खरवड घासून काढता येते, चीर येत नाही. चीर दिसली तर ते चाक गाडीला पुन्हा लावू नका, वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडेही नेऊ नका, दुसरं चाक घ्या.