दोनशे डॉलर, सगळ्यांना सारखेच

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 2010 पासून एक कायदा लागू आहे: कोणत्याही रस्त्यावर ताशी 85 मैल, म्हणजे सुमारे 137 किलोमीटर, किंवा दुपदरी रस्त्यावर ताशी 75 मैल वेग गाठून दोषी ठरणाऱ्याला नेहमीच्या दंडाशिवाय राज्याकडे आणखी 200 डॉलर भरावे लागतात. अतिवेगाला जबर शिक्षा हवीच, आणि दुपदरी रस्त्यासाठी मर्यादा खाली आणली हे मला मनापासून पटते. पण 84 मैलांना जादा काहीच नाही, 85 ला 200 आणि 120 लाही तेवढेच, ही रचना न्याय्य कशी म्हणावी? तासावर राबणाऱ्याची दोन-तीन दिवसांची कमाई आणि बड्या पगारदाराचा किरकोळ खर्च इथे एकाच मापाने मोजला जातो. फिनलंडमध्ये मात्र गंभीर अतिवेगाचा दंड उत्पन्नानुसार ठरतो.

मला सर्वाधिक खटकते ती वसुलीची पद्धत. दंड भरून पावती पाकिटात ठेवलेल्या माणसाला प्रकरण मिटले असेच वाटते. वाढीव रकमेचे पत्र नंतर टपालाने येते, आणि मधल्या काळात घर बदललेले असेल तर ते हाती न पडताच परवाना निलंबित होऊ शकतो. ही रक्कम मूळ दंडाबरोबर, त्याच खिडकीवर घ्यायला हवी.