येऊरचा सहावा कॅमेरा: कार्ड बदलायला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

"सोपं आहे हो, शहरातलंच जंगल," असं सांगून मला येऊरला, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या जंगलात, बिबट्यांचे फोटो आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं बदलायला पाठवलं. सांगणारा एसीत बसून नकाशा बघत होता. पुढच्या आठवड्यात तुमची पाळी, म्हणून कोपराला हळद लावून लगेच लिहायला बसले आहे.

पहिली लूट ठाणे स्टेशनबाहेर. पाठीवर सॅक आणि पायात बूट दिसले की रिक्षाचा मीटर बिघडतो. येऊरचे साडेतीनशे, वर "परत रिकामं यावं लागतं" हे तुणतुणं. उशीर झाला होता म्हणून मी दिले. तुम्ही देऊ नका, टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, येऊरची बस पकडा. वन खात्याचं परवानगीपत्र छापून न्या.

पाड्यापासून पहिले पाच कॅमेरे निवांत. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सहाव्याच्या अलीकडचा ओढा मात्र वैऱ्यालाही नको. नकाशावर चारशे मीटर, मला सव्वा तास लागला. एप्रिलात पाणी नसतं, आणि तीच गोम आहे. गोट्यांवर सागाच्या वाळक्या पानांचा थर, खाली कुठला दगड हलतोय ते कळत नाही. काठाची कारवी सुकलेली, आधाराला धरली की हातात मोडून येते. मी दोनदा बसकण मारली, एकदा कोपरावर आदळले. सोबत पाड्यातले काका, पायात स्लिपर, तरी माझ्या वीस पावलं पुढे. "ताई, आधी पानं सारा, मग पाय टाका." तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकलं. काठी हवीच. एकट्याने उतरू नका, कितीही फिट असा.

वर पोचले तर जोडीतल्या एका कॅमेऱ्यात मुंग्यांचा संसार. झाकण उघडताच पांढरी अंडी तळहातावर सांडली, सेलच्या स्प्रिंगांत माती. नवी मुलं विचारतात, समोरासमोर दोन कॅमेरे कशाला? बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यासारखे नसतात. एकच बाजू मिळाली, तर हा जुनाच की नवा हे दर वेळी ठरवता येत नाही. २०१५ साली उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे मोजले, ते या ठिपक्यांवरूनच.

चालू कॅमेऱ्यात २,३१६ फोटो. जवळजवळ सगळे गवताचे! सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, तापलेलं गवत वाऱ्याने डोललं तरी फसतो. मागच्या खेपेला कुणी समोरचं गवत कापलंच नव्हतं. आणि त्या ढिगात पहाटे ३:४० वाजता एक मादी, शेपूट वर, फक्त उजवी बाजू. डावी मुंग्यांनी खाल्ली. ३६ फोटोंचा रोल असायचा तेव्हापासून मी हे काम करते आहे, तरी तोंडून शिवी गेलीच.

तेव्हा विळा न्या. सेल आठच्या आठ नवे घाला, जुने-नवे मिसळू नका. तारीख-वेळ तपासा. निघण्याआधी कॅमेऱ्यासमोरून रांगत जा आणि फोटो आला का बघा. चालत गेलात तर कॅमेरा फार वर बांधला गेलाय हे कळणारच नाही.

माझं मत विचाराल तर सहावी जागा बदलावी. काका म्हणतात, जनावर तिथूनच जातं. मेलेला कॅमेरा मी काढून आणलाय. तिथे सध्या एकच आहे. दुसरा तुम्हीच न्यायचा, त्याच ओढ्यातून.