पद्मिनी, नोंद ५ : तुळजापूर ते सोलापूर, ट्रेलरवरून

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घरी आली एकदाची! इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच सुटे करून बोलेरोत टाकले होते, ट्रेलरवर फक्त सांगाडा. वाटलं, हलका जीव, काय अवघड आहे? तिथंच फसलो.

चेनपुलीनं ओढून गाडी वर घेतली, ट्रेलरचं मागचं फळकुट बंद होईल एवढ्यावर थांबवली, चार रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचे पट्टे) लावले नि निघालो. तुळजापूरचा घाट उतरताना पन्नासच्या पुढे काटा गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. दाजी स्टिअरिंगवर. ब्रेककडे पाय चालला होता त्यांचा. मी ओरडलो, "ब्रेक नको दाजी, नुसता ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा!" पाच-सहा हेलकावे खाऊन शांत झाला. घाटाखाली गाडी बाजूला घेतली तेव्हा दोघांच्याही अंगाला घाम.

कारण उघड होतं, पण डोक्यात आधी आलं नाही. पूर्ण पद्मिनी ८९५ किलोची, आणि त्यातलं जड सामान पुढे. इंजिन काढलं की तोल मागे सरकतो, ट्रेलरचं नाक बोलेरोच्या हुकावर नीट दाबून बसत नाही. तिथंच चेनपुली काढून गाडी एक फूट पुढे घेतली. फळीवर टायरच्या जुन्या जागी ग्रीसची खूण करून ठेवली.

बेल्ट सोडताना दुसरी चूक दिसली. पुढचे दोन मी बॉडीच्या क्रॉसमेंबरला (खालच्या आडव्या पट्टीला) अडकवले होते. इंजिन नसल्यानं पुढच्या स्प्रिंगा उंच ताठ उभ्या. रस्त्यावर दणका बसला की दबणार नि बेल्ट सैल. अख्खी मूठ आत जात होती. मग पुढून चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला आणि मागून एक्सलच्या नळीला बांधलं, मागचे दोन एकमेकांना छेद देऊन, म्हणजे गाडी आडवीही सरकत नाही. एक्सलवरून ब्रेकची नळी जाते, ती बेल्टखाली चेपू देऊ नका. रॅचेटच्या मधल्या फिरत्या दांड्यावर पट्टीचा किमान दीड वेढा हवा, तीनच्या वर नको. गिअरमध्ये टाकून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: गिअरबॉक्सच नाही तर चाक अडणार कशानं? हँडब्रेकही मेलेला. चाकांच्या पुढेमागे पाचरी ठोकल्या.

माझ्या बेल्टच्या पट्टीवर एलसी (बांधायची ताकद) २५०० डीएएन (ओढीचं माप) लिहिलंय, म्हणजे सरळ ओढीत साधारण अडीच टन. जोरात ब्रेक मारला तर वजनाच्या ०.८ पट ओढ पुढे येते असं धरून चालतात. पूर्ण गाडी असती तरी सातशे किलोच्या आसपास. बेल्ट तुटायची भीती मला नाही, सैल पडायची आहे. तामलवाडी टोलच्या अलीकडे पुन्हा उतरून पाहिलं. एकच 'कट्ट' घट्ट करावा लागला.

एक्सलच्या कडेनं बेल्ट घासू नये म्हणून घरातली जुनी सोलापुरी चादर घडी करून मध्ये दिली होती. घरी आल्यावर उघडली तर चारपैकी दोन पदर आरपार झिजलेले. (आई अजून विचारतेय, ती निळी चादर कुठाय.) पुढच्या वेळी पाण्याचा जाड होजपाईप कापून घालणार.

सोमवारी ट्रेलर तसाच मार्केट यार्डात नेला, दाजींच्या अडतीवर. कांद्याच्या काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर ट्रेलरचं नाक टेकवलं, हुकाच्याच उंचीला. १३५ किलो. मग गाडी खुणेपर्यंत मागे ढकलली: ७०. गाडीसकट ट्रेलर चौदाशेच्या घरात, नाकावर त्याचा दहावा हिस्सा हवा, म्हणजे १४०. एका फुटात सगळा खेळ. हमाल विचारत होता, "मालक, ह्याचा भाव काय लावायचा?"



आता सांगाडा शेडमध्ये उभा आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचला तर आत गेला. पुढची नोंद त्याचीच.