मंडळीची नेपाळ ट्रिप: धादिंगला जाणाऱ्या पुढच्या बॅचसाठी

आमच्या परळच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, बरेच जण विचारतायत नेपाळला धादिंग जिल्ह्यात कसे गेलात, काय काय न्यायचं, तिथे नक्की करायचं काय. प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण हे पटत नसेल तर तिकीटच काढू नका. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपल्याला व्हिसा लागत नसला तरी तिथे आपण परदेशीच. त्यामुळे पत्रकं नाहीत, चौकात गाणी नाहीत, रस्त्यात कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही. आपण गाडी पकडून परत कुर्ल्याला उतरणार, नंतर पोलीस चौकीच्या चकरा मारणार तिथले पाळक (पास्टर). तरुण संघातल्या एकाने सुवार्तेच्या पुस्तिकांचा गठ्ठा बॅगेत घातला होता, तो सेक्रेटरींनी एलटीटीच्या, म्हणजे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसच्या, प्लॅटफॉर्मवरच काढून घेतला आणि सोडायला आलेल्या त्याच्या वडिलांच्या हातात दिला. बरोबरच केलं.

कमिटीत एका काकांनी सरळ विचारलं होतं, मग जायचं कशाला? भेटायला. २०१५ च्या भूकंपानंतर आपण धादिंगच्या मंडळ्यांना छपराचे पत्रे पाठवायला हातभार लावला, दहा वर्षं फोनवर एकमेकांसाठी प्रार्थना करतोय आणि अजून एकमेकांचं घर बघितलेलं नाही, हे काय नातं झालं?

आता रस्ता. विमानापेक्षा ट्रेन खूप स्वस्त. एलटीटीहून गोरखपूरला कुशीनगर किंवा गोदान एक्सप्रेस, रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच बसा, नंतर वेटिंगच मिळतं. गोरखपूर स्टेशनबाहेर बॉर्डरवरच्या सोनौलीच्या बस आणि शेअर जीप मिळतात. बॉर्डर चालत ओलांडायची. तिथे "परमिट काढून देतो" म्हणणारे चिकटतात, त्यांच्याकडे बघायचं पण नाही, परमिट आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांना लागतं, पायी जाणाऱ्या भारतीयाला नाही. ओरिजिनल पासपोर्ट किंवा व्होटर आयडी जवळ ठेवा, आधारवर अवलंबून राहू नका, विमानाने येणाऱ्यांना तर ते १५ ते ६५ वयाच्या माणसासाठी चालतच नाही. पुढे काठमांडूची बस घ्यायची पण काठमांडूला जायचं नाही, अलीकडे मलेखूला उतरायचं, तिथून धादिंगबेसीचा फाटा आहे. मलेखूत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्रिशूली नदीचे तळलेले मासे टांगून ठेवलेले असतात, आमच्या महिला संघातल्या मावशींनी आधी नाकं मुरडली, नदीचा मासा म्हणे, मग दोन-दोन प्लेट संपवल्या. धादिंगबेसीच्या पुढे जीप, आणि त्या जीपबद्दल एवढंच सांगतो की पाठदुखीवाल्यांनी पुढची सीट आधीच मागून घ्या.

पैशाचं. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा रेट ठरलेला आहे. दुकानदार भाव सांगतो तेव्हा "आयसी का एनसी" हे आधी विचारा, आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे, नाहीतर दीडपट जाईल. १००च्या नोटा जास्त न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघताना बघून घ्या. क्यूआरवर यूपीआय चालतं पण शहरात, डोंगरात रोखच. ट्रस्टचा पैसा बाहेरदेशी खर्च करायच्या भानगडीत पडू नका, आधी सीएला विचारा. आम्ही प्रत्येकाने आपापला खर्च आपापल्या खिशातून केला.

नेपाळात उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारची. म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचाच. चपला बाहेर, आत गवताच्या चटया, बाया एकीकडे बुवे एकीकडे, मादल (त्यांचा ढोल) वाजायला लागला की कुणी शांत बसत नाही. लिपी आपलीच, त्यामुळे गाण्याचं पुस्तक बघून आपण पण गाऊ शकतो, अर्थ मागाहून कळतो. दानाच्या वेळी बघितलं, नोटा टाकणारे थोडेच, बऱ्याच बायांनी रोज स्वयंपाकाच्या वेळी बाजूला काढलेले मूठमूठ तांदूळ पिशव्यांतून आणले होते आणि ते पुढे ठेवलेल्या टोपात ओतत होत्या. एका दिदीची पिशवी जेमतेम ओंजळभर, तिने ती उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेले दाणे पण बोटाने काढले. आमच्या पाळकांचा संदेश त्यानंतर होता, ते पाच मिनिटांतच बसले.

तो भूकंप पण शनिवारीच झाला होता, २५ एप्रिल, दुपारी बाराला चार मिनिटं कमी, म्हणजे लोक उपासनेत बसलेले. ही गोष्ट तिथे कुणी आपणहून काढत नाही. तुम्ही पण उकरून काढू नका, आणि मोबाईल समोर धरून "साक्ष सांगा" तर अजिबात म्हणू नका.

सामानाबद्दल माझं मत जरा कडक आहे. जुने कपडे नेऊ नका. तुमच्या कपाटातली अडगळ तिकडे कशाला? आधी फोन करून विचारा काय हवंय, आम्हाला त्यांनी सांगितलं प्रेशरच्या गोळ्या वगैरे नको, मुलांना गणित शिकवणारं कुणीतरी आणा. म्हणून आमच्या दोन शिक्षिका रोज संध्याकाळी सोलर दिव्याखाली अपूर्णांक शिकवत बसल्या, आणि बाकीचे आम्ही मक्याची कणसं सोलत. भिंती रंगवायचा प्लॅन होता, तिथले पाळक म्हणाले रंगवायला आमची पोरं आहेत, त्यांना मजुरी द्या. दिली.

जेवण दोन्ही वेळ दालभात, सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, तो आंबट वास सवयीचा होतो. रात्री थंडी आपल्या मुंबईच्या माणसाला झेपत नाही, स्वेटरवर भागणार नाही, जाड जॅकेट न्या.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. नारायणगड ते मुगलिन रस्त्यावर दरडी येतात, जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, फक्त दसैंच्या (त्यांच्या दसऱ्याच्या) गर्दीत बसची सीट मिळणं कठीण, त्यामुळे ते दिवस टाळा. परतीची गोरखपूरची ट्रेन काढताना मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, रस्ता बंद झाला तर जीपवाला काही करू शकत नाही. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर सकाळची पहिली बस गेलीच समजा.